जपानात बिऱ्हाड मांडण्याआधी



पूर्वी बांधावर भेट झाली की तुम्ही बियाण्याचे, खताचे, फवारणीचे विचारीत होता. अलीकडे त्या प्रश्नांच्या शेवटी आणखी एक प्रश्न येतो. एखादी माउली जरा बाजूला घेऊन म्हणते, "साहेब, पोरगं जपानला जायचं म्हणतंय. पाठवावं का?"

पाठवावे. पण भाषा शिकवून पाठवावे आणि जमीन गहाण ठेवून पाठवू नये. माझे उत्तर आधीच सांगून टाकले; असे का म्हणतो ते पुढे वाचा. पगाराचा आकडा तुम्हाला कोणीही सांगेल. तिथे सोमवारपासून रविवारपर्यंत दिवस कसा जातो, शेजारी कसा वागतो, दहा वर्षांनी माणूस कुठे उभा असतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

तसा जपान आपल्याला अगदीच परका नाही. घरातल्या जुन्या माणसांना 'जपानी भातशेती' म्हणून पाहा. गादीवाफ्यावर तयार केलेले रोप, ओळीत लावणी, खताचा हिशेबी हप्ता ही पद्धत मुंबईजवळ बोरिवलीच्या कोरा केंद्रात करून पाहिली गेली आणि १९५३ साली तिची देशभर मोहीम निघाली. तेव्हा त्यांची पद्धत इकडे आली. आता आपली माणसे तिकडे निघाली आहेत.

त्यांना माणसे का हवीत?

जपानात शेतीला माणूस उरला नाही. २००० साली शेती हाच मुख्य धंदा म्हणून राबणारे तिथे सुमारे २४ लाख लोक होते. २०२४ साली ते ११ लाखांच्या आसपास आले आणि त्यांचे सरासरी वय ६९ वर्षांवर गेले. आपल्याकडे ज्या वयात म्हातारा ओसरीवर बसून सुपारी कातरतो, त्या वयात तिथला शेतकरी भातलावणीचे यंत्र चालवतो. मुले शहरात गेली, ती परत आली नाहीत. हे वाचून आपल्याच वाडीची आठवण झाली, तर त्यात नवल नाही.

शेतीसारखीच ओढ बांधकामात, कारखान्यांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या सेवेत आहे. म्हणून भारत आणि जपान यांच्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थींचा आणि जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांचा करार झाला. आज जपानात पन्नास हजारांहून अधिक भारतीय राहतात. त्यांत संगणकाच्या कामावरचे पुष्कळ, त्याखालोखाल स्वयंपाकी, व्यापारी, विद्यार्थी. शेतावर गेलेले अजून थोडेच आहेत.

आपली माणसे तिथे कशी रुजली?

टोकियो शहराच्या पूर्वेला एदोगावा नावाचा प्रभाग आहे. तिथे निशी-कासाई नावाचे रेल्वे स्टेशन आहे. १९७८ साली जगमोहन चंद्राणी नावाचे चहाचे एक भारतीय व्यापारी जपानला गेले आणि पुढे या भागात राहू लागले. त्या वेळी तिथे भारतीय माणूस बोटांवर मोजण्याइतका होता. २००० सालाच्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आपल्याकडच्या तरुणांना मोठे बोलावणे आले. कचेऱ्यांच्या भागात जाणारी गाडी थेट होती, आणि मुख्य म्हणजे तिथे सरकारी संस्थेची भाड्याची घरे होती. हळूहळू डाळ-तांदळाची दुकाने आली, भारतीय शाळा आली, सण होऊ लागले. टोकियोत मराठी मंडळ आहे, तिथे गणपती बसतो.

याच एदोगावात अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक राहिले. पुण्यात शिकत असताना त्यांनी जपानी भाषा घेतली. विद्यार्थी म्हणून ते प्रथम १९९७ साली तिकडे गेले, २००१ पासून तिथेच राहू लागले, बँकेत नोकरी केली. २०१२ साली त्यांनी जपानचे नागरिकत्व घेतले. एप्रिल २०१९ मध्ये ते एदोगावा प्रभागाच्या सभेवर ६,४७७ मते मिळवून निवडून आले. भारतात जन्मलेला माणूस जपानात लोकप्रतिनिधी होण्याची ती पहिलीच वेळ. पुढे एप्रिल २०२३ मध्ये ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले.

त्यांचे नाव सांगितले ते कौतुकासाठी तर आहेच, पण सालांकडेही नीट पाहा. पहिल्या पावलापासून निवडणुकीपर्यंत बावीस वर्षे गेली. आणि सुरुवात विमानाच्या तिकिटाने झाली नाही, पुण्यात भाषेच्या वर्गात झाली.

घर मिळवताना

नव्या माणसाला पहिली ठेच घर शोधताना लागते. भाड्याचे घर घेताना अनामत द्यावी लागते. त्याशिवाय पुष्कळ घरमालक 'रेइकिन' घेतात. याचा अर्थ आभाराचे पैसे. एक-दोन महिन्यांच्या भाड्याएवढी ही रक्कम परत मिळत नाही. वर जामीन हवा. परक्या मुलखात जामीन कोण राहणार? म्हणून जामीन राहणाऱ्या कंपनीला वेगळे पैसे मोजावे लागतात.

इतके करूनही कित्येक मालक परदेशी माणसाला घर देत नाहीत. जपान सरकारनेच २०१६ साली केलेल्या पाहणीत घर शोधणाऱ्या परदेशी लोकांपैकी शंभरातल्या ३९ जणांनी सांगितले की, आपण परदेशी म्हणून आपल्याला नकार मिळाला. निशी-कासाईत आपली वस्ती वाढली तिचे मोठे कारण हेच. तिथल्या सरकारी संस्थेच्या इमारतींत जामीन मागत नव्हते, आभाराचे पैसे घेत नव्हते आणि कोणत्या देशाचा हेही पाहत नव्हते.

घर मिळाले की चौदा दिवसांच्या आत प्रभाग कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. सरकारने दिलेले रहिवासाचे ओळखपत्र सदैव जवळ बाळगावे लागते. आरोग्य विम्याचा हप्ता भरावा लागतो, पण मग दवाखान्याच्या खर्चातला शेकडा ३० एवढाच भाग आपल्याला द्यावा लागतो. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तिथला रहिवासी कर मागच्या वर्षीच्या कमाईवर बसतो. त्यामुळे नव्या माणसाला पहिल्या वर्षी पगार भरपूर वाटतो आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून हातात कमी पडू लागतो. घरी पैसे पाठवण्याचा हिशेब या दुसऱ्या वर्षाच्या पगारावर करावा.

कचऱ्याची पिशवी आणि शेजारधर्म

तुम्ही हसाल, पण जपानात शेजाऱ्याचे मन कचऱ्याच्या पिशवीवरून कळते. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या, डबे, कागद आणखी वेगळे. प्रत्येकाचा वार ठरलेला. सकाळी ठरल्या वेळेआधी, ठरल्या जागी पिशवी ठेवायची. चुकीच्या दिवशी ठेवली तर गाडीवाला ती उचलत नाही, तिच्यावर चिठ्ठी लावून तशीच सोडून जातो. सगळी आळी ती पिशवी पाहते. कोणी भांडायला येत नाही, पण लक्षात ठेवतात.

आगगाडीत मोठ्याने बोलायचे नाही, फोनवर तर नाहीच. घराच्या दाराशी जोडे काढायचे, ही आपलीच रीत. रात्री भिंतीला खिळा ठोकायचा नाही. नव्या घरी राहायला गेले की शेजाऱ्यांकडे लहानशी भेट घेऊन जाऊन आपले नाव सांगायचे. ही पद्धत आता शहरात कमी झाली असली, तरी परदेशी माणसाने पाळली तर पुढची कित्येक वर्षे सोपी जातात.

तोंडावर 'नाही' म्हणायची तिथे पद्धत नाही. "ते जरा अवघड आहे" असे म्हणाले की समजायचे, काम होणार नाही. आपल्याकडे एखादा "बघू" म्हणतो तेव्हा आपण काय ते समजतोच की. तसेच हे आहे, फक्त कान तयार व्हायला वेळ लागतो.

जपानी माणूस मदतीला कमी नाही. वाट चुकलेल्याला तो स्टेशनापर्यंत पोहोचवून येईल. पण वीस वर्षे राहिलेल्या परदेशी माणसालाही दुकानदार पहिल्यांदा पाहुणाच समजतो. पाहुण्याला मान मिळतो, पण घरच्यासारखी वागणूक मिळायला वर्षे जातात. तो अपमान नव्हे, हे आधी कळलेले बरे. नाहीतर मन खट्टू होते.

ताटात काय येते?

भात मिळतो, पण चिकट. आपल्या आंबेमोहोराची आठवण काढीत पहिला महिना जातो. माळकरी घरातल्यांनी एक ध्यानात घ्यावे, तिथल्या बहुतेक रश्शांचे आणि कढणांचे मूळ पाणी सुकवलेल्या माशाचे असते. वरून भाजी दिसली तरी आत मासळी असते. ज्याला खायचे नाही त्याने स्वतः रांधायला शिकूनच जावे. गाव सोडण्यापूर्वी मुलाला कुकर लावता आला पाहिजे, आमटीला फोडणी देता आली पाहिजे. हे शिकवण्यात आईने संकोच करू नये.

जमीन हलते तेव्हा

आमच्या पाटण तालुक्याला भूकंप नवा नाही. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. किल्लारीने ३० सप्टेंबर १९९३ ला काय भोगले तेही आपण जाणतो. जपानात लहान धक्के नित्याचे आहेत. तिथे पुष्कळ घरांत पाणी, कोरडे खाणे, विजेरी, औषधे आणि कागदपत्रे भरलेली पिशवी दाराशी तयार असते. संकटात कोणत्या शाळेत जमायचे हे आधी ठरलेले असते. सूचना जपानी भाषेत होतात. भाषा न येणारा माणूस अशा वेळी बहिऱ्यासारखा उभा राहतो. ११ मार्च २०११ च्या मोठ्या भूकंपात कित्येक परदेशी लोकांची हीच गत झाली.

चिंचपोकळीच्या खोलीत काय होते?

आपली माणसे परक्या मुलखात कधी गेलीच नाहीत असे नाही. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, कोकणच्या माणसांना मुंबई एके काळी जपानइतकीच दूर होती. माझे वडील गिरणीत होते. चिंचपोकळीच्या एका चाळीत आमच्या गावकीची खोली होती. एका खोलीत पंचवीस-तीस माणसे. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक खानावळीत जेवायला. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी.

जागा अपुरी होती, पण त्या खोलीत नव्या पोराला तयार करण्याची सोय होती. गावाहून पोरगा आला की खोलीचा कारभारी त्याला सांगे, नळावर कधी जायचे, मुकादमाशी कसे बोलायचे, रूळ कुठून ओलांडू नये, कोणाकडून व्याजाने पैसे घेऊ नयेत. बदलीवर लावून द्यायलाही ओळखीचेच कोणी असे. खानावळवाली बाई महिन्याच्या बोलीवर जेवू घाली. आजारी पडला तर दोघे उचलून दवाखान्यात नेत. भजन होते, मंडळ होते, १९२० पासून चिंचपोकळीचा सार्वजनिक गणपती होता. परकेपणाची धार त्या खोलीने बोथट केली.

निशी-कासाईत आपल्या लोकांनी तशीच सोय उभी केली, फक्त जागा मोठी आणि काळ नवा. पण शेतावर जाणारा तुमचा मुलगा निशी-कासाईत राहणार नाही. तो इबाराकीतल्या काचघरांत किंवा होक्काइदोतल्या दुधाच्या गोठ्यावर जाईल. सर्वात जवळचा मराठी माणूस कदाचित शंभर मैलांवर असेल. तिथे गावकीची खोली नाही, कारभारी नाही, खानावळवाली नाही. खोलीने जे शिकवले असते ते त्याला इथूनच शिकून न्यावे लागेल. भाषेचा आग्रह धरतो तो याचसाठी.

भाषा किती अवघड?

लिपी अवघड आहे, बोलणे त्या मानाने सोपे. दोन अक्षरमाला आहेत, प्रत्येकी ४६ अक्षरांच्या. त्या महिन्याभरात येतात. चिनी चित्राक्षरे मात्र रोजच्या व्यवहाराला २,१३६ ठरवलेली आहेत. ती वर्षानुवर्षे शिकत राहावी लागतात.

पण वाक्याची रचना आपल्यासारखी आहे. आपण 'मी भात खातो' म्हणतो, क्रियापद शेवटी. तेही तसेच बोलतात. आपले विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात, त्यांचेही तसेच. तू, तुम्ही, आपण असा मानाचा भेद आपण करतो, ते त्याहून बारीक करतात. म्हणून मराठी माध्यमाच्या मुलाने घाबरण्याचे कारण नाही. या भाषेची परीक्षा पाच पायऱ्यांची आहे, एन-५ पासून एन-१ पर्यंत. पुणे आणि मुंबई येथे ती देता येते. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी एन-४ किंवा तिच्या तोडीची परीक्षा लागते. राहायला मात्र त्याहून वरची पायरी बरी.

शेतावर जाणाऱ्यासाठी

कुशल कामगाराचा व्हिसा जपानने एप्रिल २०१९ मध्ये सुरू केला. त्याच्या पहिल्या दर्जात शेतीची परीक्षा आणि भाषेची परीक्षा द्यावी लागते. मुक्काम एकूण पाच वर्षांचा, आणि बायकोमुलांना सोबत नेता येत नाही. लग्न ठरवताना मुलीकडच्यांना हे स्पष्ट सांगावे. दुसऱ्या दर्जात कुटुंब नेता येते. शेतीला तो दर्जा २०२३ साली मिळाला, पण त्याची परीक्षा कठीण आहे आणि कामाचा अनुभवही लागतो.

प्रशिक्षणार्थी म्हणून गेलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना सहसा मालक बदलता येत नसे. कर्ज काढून गेलेला, मालक वाईट निघालेला, परत यायला तोंड नसलेला माणूस मग पळून जाई. २०२३ या एका वर्षात निरनिराळ्या देशांचे ९,७५३ प्रशिक्षणार्थी असे नाहीसे झाले. म्हणून जपानच्या संसदेने जून २०२४ मध्ये कायदा करून, एप्रिल २०२७ पासून या योजनेच्या जागी नवी पद्धत आणायचे ठरवले.

आणखी एक बारकावा. जपानच्या कामगार कायद्यातली कामाचे तास, विश्रांती आणि साप्ताहिक सुट्टी यांची कलमे शेतीकामाला लागू नाहीत. तेव्हा करारात तास किती, सुट्टी कोणती, खोलीभाडे किती कापणार, हिवाळ्यात बर्फ पडल्यावर काम आणि पगार काय, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. एजंटाची परराष्ट्र खात्याकडे नोंदणी आहे का ते 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. पावती द्यायला जो कां-कूं करतो त्याला दारातूनच राम राम करावा.

सातबारा सांभाळा

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. वडील गावी परतले तेव्हा दीड एकर जमीन वाट पाहत होती. ज्यांनी ती विकली होती त्यांचे हाल मी लहानपणी पाहिले आहेत.

म्हणून सांगतो, पाच वर्षांच्या नोकरीसाठी पिढ्यांची जमीन गहाण टाकू नका. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीयाला, त्याचा पासपोर्ट भारताचाच असला तरी, इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली त्याला ठेवता येते. म्हणजे आज विकलेले शेत मुलगा तिकडून पैसे पाठवून स्वतःच्या नावावर परत घेऊ शकणार नाही. दहा वर्षांच्या वास्तव्यानंतर जपानात साधारणपणे कायम रहिवासाचा परवाना मागता येतो, पण मताचा हक्क त्यानेही मिळत नाही. तो नागरिकत्वानेच मिळतो. आणि जपानचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते. दोन्ही हातांत दोन लाडू इथे नाहीत. हा निर्णय मुलाने एकट्याने, रागाच्या किंवा आनंदाच्या भरात घेऊ नये. वडीलधाऱ्यांनीही त्याच्यावर लादू नये.

परत येणाऱ्याने तिथल्या निवृत्तिवेतनाच्या हप्त्यांची चौकशी करून यावे. देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत मागणी केली तर भरलेल्या रकमेचा काही भाग एकरकमी मिळू शकतो. ठाऊक नसले तर ते पैसे तिथेच राहून जातात.

मुलगा गेल्यावर घरच्यांचेही एक काम उरते. तिथले घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असते. धारा काढून, जेवणे आटोपून तुम्ही रात्री नऊला फोन कराल तेव्हा तिथे साडेबारा झालेले असतील, आणि त्याला पहाटे भाजी काढायला उठायचे असेल. झोपेतून उठून तो नीट बोलणार नाही, आणि तुम्ही म्हणाल पोरगं बदललं. त्यापेक्षा वार ठरवा आणि दुपारी साडेचारला फोन लावा. तिथे रात्रीचे आठ वाजलेले असतील, त्याचा भात शिजत असेल आणि बोलायला त्याला सवड असेल.